छापून न देणारे अप्पा

सेलूला आडत बाजाराच्या मागे अप्पांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, दुकानांच्या पावत्या, मठाच्या उत्सवाची पत्रकं ते निमूटपणे छापून देत. पण कुणी स्वतः लिहिलेलं पुस्तक घेऊन आला, की त्याला सरळ टायपाच्या खणांपुढे बसवत. "मी न्हाई छापून देणार. तुमीच छापा. मी शिकवतो."

"अप्पा, मला कुठं येतंय?"

"मला तरी आईच्या पोटातून आलं काय? बसा."

तेव्हा मराठी पुस्तकं पुण्या-मुंबईहून येत आणि निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यावर, त्यांचे गठ्ठे आठवडेच्या आठवडे अडकून पडत. "मी छापलं तर एक पुस्तक हुईल," अप्पा म्हणत. "ह्यो शिकला तर त्याच्या गावात छापणारा हुईल." शिकून झालेल्याला ते जुन्या टायपाची एक पेटीही बरोबर देत. असं देता देता त्यांच्याकडे एका वेळी दोनच पानं जुळवता येतील एवढा टाइप उरला होता. दोन पानं छापायची, टाइप सोडवून खणांत परत टाकायचा, की पुढची दोन.

मी सिकंदराबादला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. शिक्षण थांबल्यावर घरी सेलूला आले, तेव्हा मराठी मला अक्षर लावून लावून वाचावं लागे. त्याची लाज वाटे, म्हणून बोलणंही कमीच. अप्पा वडिलांचे स्नेही. त्यांनी ते हेरलं आणि मला मुद्रितं तपासायला बोलावलं. "ज्याला भाषा येती, त्यो चुकीवरून घसरून जातो. तू एकेक अक्षर बघतीस. आमच्या कामाची हायस, माय." माझ्या अडखळण्याला कुणी कामाचं म्हणेल, असं मला वाटलं नव्हतं.

एका पावसाळ्याच्या शेवटी ताडकळसचे एक गुरुजी आले. ते घरीच मराठी शाळा चालवत. दिवाळीनंतर सरकारी तपासणी होती. मुलांच्या हातात पुस्तक दिसलं नाही तर शाळा बंद, असं त्यांना बजावलं होतं. म्हणून त्यांनी सोळा पानांचं वाचनाचं पुस्तक लिहिलं होतं. अप्पांनी त्यांना पंधरा दिवस शिकवलं. युद्धाचे दिवस होते, कागद परवान्यावर मिळे. होता तो सगळा कागद या पुस्तकाला लागणार होता. नव्या परवान्यासाठी अप्पा चार दिवस परभणीला गेले. जाताना म्हणाले, "मास्तर, आता तुमीच."

गुरुजींनी पहिल्या फर्म्यात, म्हणजे टाइप आवळून बसवायच्या चौकटीत, दोन पानं शेजारी शेजारी बसवली. मला वाटलं, पहिलं पान भलत्याच बाजूला आहे. पण हा माणूस शिक्षक, आणि मी अक्षरं लावून वाचणारी. मी गप्प बसले. चार दिवसांत सगळं पुस्तक छापून झालं.

अप्पा परवान्याशिवायच परतले, म्हणजे आता नवा कागद नव्हता. त्यांनी एक ताव उचलला, मधोमध दुमडला आणि पुस्तकासारखा उघडला. पुस्तक उजवीकडून उघडत होतं, उर्दू किताबासारखं. गुरुजी लहानपणापासून उर्दू शाळेत शिकलेले. त्यांच्या हातांनी सवयीनं पानं तशीच मांडली होती.

"मौलवीसाहेबांनी लय चांगलं शिकवलं हाय तुमाला," अप्पा म्हणाले.

गुरुजी हसले नाहीत. "अप्पा, माझी शाळा गेली."

अप्पा माझ्याकडे वळले. "तुला दिसलं होतं?"

"हो."

"मग?"

"वाटलं, मलाच कळत नसेल."

"कळत नसंल तर इचारायचं. कळत असंल तर सांगायचं. गप बसायला तिसरं कारण कोणतं हाय?"

हाताला काहीतरी हवं म्हणून मी ताव दुमडत-उलगडत राहिले. तेव्हा दिसलं, पहिल्या पानाच्या पाठीला बरोबर दुसरं पान होतं. तिसऱ्याच्या पाठीला चौथं. चुकली होती ती फक्त घडीची बाजू.

"घडीवर कापलं तर," मी म्हणाले.

"मोठ्यानं."

"घडीवर कापलं तर पानं सुटी होतील. मग ओळीनं लावून दुसऱ्या कडेनं शिवायची."

अप्पांनी एक ताव कापला, पानं एकावर एक ठेवली, चाळली आणि आत हाक मारली. गंगाक्का, अप्पांच्या पत्नी, पोती शिवायचं दाभण घेऊन आल्या. आम्ही चौघं दोन दिवस पुस्तकं शिवत होतो. गुरुजींची बोटं सारखी टोचत. "ह्या पुस्तकाला शाईपरीस रगतच जास्त लागलं," गंगाक्का म्हणाल्या, तेव्हा गुरुजी पहिल्यांदा हसले. तपासणीला आलेल्या साहेबांनी म्हणे पान ओढून शिवण बघितली आणि पुस्तक खाली ठेवलं. शाळा चालू राहिली.

त्यानंतर मी फर्मा पाहिल्याशिवाय अप्पांनी मशीन चालवलं नाही. पायट्यावर पाय ठेवून थांबत आणि म्हणत, "बोल, माय." मी पुटपुटले तर पाय हलत नसे.

निजामाचं राज्य संपलं त्याच हिवाळ्यात अप्पा तापानं गेले. दोन महिन्यांनी गुरुजी दुसरं पुस्तक छापायला आले. मी कोपऱ्यात बसून होते. त्यांनी फर्मा बसवला, पायट्यावर पाय ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, मी दोनदा तपासलंय. तुम्ही बसा."

मी उठून फर्मा पाहिला. खालच्या ओळीत एक अख्खा शब्द उलटा बसला होता.

"थांबा, गुरुजी."

आतून गंगाक्का पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. "कोण वरडायलंय?"

"मी," मी म्हणाले.