आधी कुणासाठी टोपडं शिवलं होतं का?

डॉ. हेमलता पिशोरकर यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती काम मागायला. डॉक्टरकीचे शिक्षण नुकतेच आटोपले होते आणि अंगात बऱ्यापैकी ताठा होता. शहरातल्या जुन्या भागात त्यांचे छोटे प्रसूतिगृह, खाली दवाखाना आणि वर घर. मॅडमनी माझ्या प्रमाणपत्रांकडे पाहिलेही नाही. "पहिलटकरीण कुणाला म्हणायचं?" एवढेच विचारले. मी पुस्तकातले उत्तर दिले. त्या म्हणाल्या, "इथं तसं नसतं. सासू जिला पहिलटकरीण म्हणते ती पहिलटकरीण. आणि तिथंच आपण फसतो. उद्यापासून ये."

त्याचा अर्थ कळायला मला थोडे दिवस लागले. दिवस भरण्याआधी जन्मलेले आणि हाती न लागलेले बाळ आपल्याकडे कुणी मोजत नाही. त्याचे बारसे होत नाही, नाव ठेवले जात नाही. पुढच्या खेपेला ती बाई पुन्हा पहिलटकरीण होते. घरचे लबाडी करतात असे नाही. त्यांना मनापासून तसेच वाटते, आणि जुने उकरून काढले तर अपशकुन होईल ही भीतीही असते. आता गंमत अशी, की एक बाळंतपण वेळेआधी झाले असेल तर पुढचेही तसे होण्याचा धोका वाढतो. म्हणजे जे आधी कळायला हवे, घरात नेमके त्यावरच कुणी बोलत नाही.

मॅडमची यावर स्वतःची एक रीत होती. त्या सोबतच्या मंडळींना चहाला बाहेर पाठवत, आपली खुर्ची उचलून बाईच्या शेजारी ठेवत आणि विचारत, "आधी कधी कुणासाठी टोपडं शिवलं होतं का?" मग गप्प बसत. बाहेर रांग ताटकळत असे, मी घड्याळाकडे बघत असे, मॅडम हलत नसत. कुणी लगेच नाही म्हणे. कुणी पदर डोळ्यांना लावी, आणि मग सगळे बाहेर येई.

देवगाव रंगारीची मंदा अशीच आली. सासू दारातूनच म्हणाली, "पहिलटकरीण हाये मॅडम, उगं भेती." सासू चहाला गेल्यावर मंदाने आधी दाराकडे पाहून घेतले. मग म्हणाली, "शिवलं होतं. लाल. सातव्यातच झालं ते. रडलं पण होतं, मॅडम, म्या ऐकलं." मॅडमनी त्याच दिवशी तिची आतून सोनोग्राफी केली. गर्भपिशवीचे तोंड आखूड होत चालले होते, म्हणजे ते वेळेआधी उघडण्याची भीती. टाका घातला, औषध सुरू केले. मंदाला काही म्हणजे काही होत नव्हते, पोटात साधी कळ नव्हती, त्यामुळे घरच्यांना हा सगळा खटाटोप वाटला.

पुढे सातवा लागला आणि माहेरी न्यायची वेळ आली. माहेर पार फर्दापूरला. मॅडम म्हणाल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला लागणारी काचेची पेटी जवळ आहे तिथेच हिने राहायचे. सासू हटून बसली, "रीत हाये. लोक काय म्हंतील?" मॅडम म्हणाल्या, "सांगा, डॉक्टरीण लई खाष्ट आहे, सोडत नाही." आणि मंदाचे डोहाळजेवण त्यांनी दवाखान्यातच करवले. हिरवी साडी स्वतः आणली, वरून स्वयंपाक करून पाठवला. ओटी भरायची वेळ झाली तेव्हा मात्र मॅडम दिसेनात. ओटी लेकुरवाळ्यांनी भरायची, ही आपली रीत. मॅडमना मूलबाळ नाही, हे सगळ्यांना ठाऊक. त्या बाहेर व्हरांड्यात, भिंतीशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "तू जा की आत."

मंदाला पुऱ्या दिवसांची मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. निघताना सासू म्हणाली, "बघा, काय झालं का? उगंच भेव घातलं आमाला." मी चिडले. मॅडम हसल्या. "अगं, हेच ऐकायला तर बसलो होतो." मग जिना चढून एकट्या जेवायला गेल्या.

या कामात हे एकटेपण कायमचेच आहे. धोका आधी ओळखला आणि टळला, तर लोकांच्या लेखी तो नव्हताच. सगळे करूनही टळला नाही, तर तोंडातून वाईट काढले म्हणून झाले, असेही मॅडमनी ऐकून घेतले आहे. मुळात पुढचे कुणालाच नक्की कळत नाही, हे त्या प्रत्येकीला सांगत. "मी भविष्य सांगत नाही बाई, जपायला सांगते." असे बोलणाऱ्या माणसाला घरोघरी कोण बोलावणार? बारशाची आमंत्रणे मला येत, मॅडमना क्वचित. डॉक्टरसाहेब, म्हणजे त्यांचे यजमान, गेल्यापासून वरच्या मजल्यावर तर रेडिओचाच काय तो आवाज.

मी पुढे फुलंब्रीला स्वतःचा दवाखाना थाटला. मॅडमची खुर्चीची रीत मी तशीच्या तशी उचलली आहे. मध्यंतरी त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेले आणि सहज विचारले, "मॅडम, टोपड्याचा तो प्रश्न तुम्हाला सुचला कसा?"

त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारला नाही म्हणून."

इतकी वर्षे मी त्यांच्या शेजारी उभी होते. मला आत कुठेतरी फार लागले. मी खुर्ची उचलली, त्यांच्या शेजारी ठेवली आणि विचारले. मॅडम खूप वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग सांगू लागल्या. टोपडे पिवळे होते, त्यांच्या स्वतःच्या हातचे, आणि नाडी जरा मोठी झाली होती. बाकीचे मी इथे लिहीत नाही. एवढे तरी छापू का, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, "छाप. आता पंचाहत्तरीत कुणापासून लपवू?"

तर आपणा सर्वांना एक विनंती. समारंभात मॅडमना शाल द्या, श्रीफळ द्या, भाषणेही करा. मंदा येणार आहे, तिने मॅडमची ओटी भरायचे ठरवले आहे, तेव्हा कृपा करून कुणी मध्ये रीत काढू नका. आणि नंतर सवडीने एकेकाने त्यांच्या घरी जा. डॉ. हेमलता पिशोरकर यांना उदंड आयुष्य मिळो, गुडघे आणि डोळे शाबूत राहोत, कारण त्यांचे ऐकायला आपण सगळेच फार उशिरा निघालो आहोत. गेलात की खुर्ची जवळ घ्या, विचारा आणि गप्प बसा. उत्तर लगेच येणार नाही. माझा तर चहा गार झाला होता.