अपील हरलो, आणि आज माझं ऊन सापडलं

मंडळी, आज दुपारी पाच वर्षांनी शेजारच्या अण्णांच्या घरी गेले. मैलूरमध्ये आमची भिंतीला भिंत आहे.

त्यांनी वर मजला चढवला आणि माझ्या स्वयंपाकघरातलं ऊन गेलं. आम्ही कोर्टात गेलो. खटला हरलो, परवा अपीलही हरलो. त्यांच्या वकिलाचा खर्चही आम्हीच द्यायचा, असा निकाल लागला.

मी पैसे पुढं केले. अण्णांनी ते मोजून खिशात ठेवले. मग म्हणाले, “वर या की अक्का.”

वर शहाबादी फरशीवर माझं तेच ऊन पसरलं होतं. त्यात त्यांची म्हातारी आई, अव्वा, केस मोकळे सोडून, डोळे मिटून बसली होती.

“खाली लई गारठायची. तिच्यासाठीच बांधलं.”

“मग सांगितलं कामून न्हाई?”

“घरभरणीला बोलावलं होतं की. तुम्ही आलाच न्हाई.”

अव्वानं डोळे न उघडताच सरकून जागा दिली. मी बसले. डोळे मिटले, तर माझं जुनं स्वयंपाकघर दिसलं, चहाच्या वाफेत सोनेरी धूळ तरंगत असलेलं.

कोर्टाचा खर्च मी आज फेडला. या पाच वर्षांचं ऊन कुणाकडून भरून घेऊ, सांगाल का?