धाकटीला किळस येते

धाकटीला कशाचीच किळस येत नाही, हे तिच्या सासरी सगळ्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. ती एका इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. वॉर्डांतून खाली आलेली चादरींची गाठोडी सोडायची, रक्ताच्या एका ढिगात, उलटीच्या दुसऱ्या ढिगात, नुसत्या घामेजलेल्या तिसऱ्या ढिगात टाकायच्या आणि यंत्राच्या तोंडात ढकलायच्या. वीसेक वर्षं ती हेच करत आली होती. सगळे एकत्र जेवायला बसल्यावर तिच्या कामाचा विषय निघाला की जाऊबाई ताट पुढे सारायच्या, "अगंबाई, नको ना आत्ता," म्हणायच्या आणि नंतर पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, "आमच्या धाकटीला नाकच नाही बघा!"

नाक होतं. चांगलं तिखट होतं. रोज सकाळी पहिलं गाठोडं सोडताना ती तोंड फिरवायची. मग ती गालात पेपरमिंटची गोळी ठेवायची, तोंडाने श्वास घ्यायची आणि काम उरकायची. पण चादर घाण करणाऱ्या माणसाचा तिला कधी राग आला नाही. तापात पडलेला माणूस काही हौसेने ओकत नाही.

त्या उन्हाळ्यात मोठ्या दिरांच्या डोक्यात आलं की दोन्ही भावांच्या कुटुंबांनी आईला घेऊन देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, थेट समुद्रापर्यंत, मोटरहोमने जायचं. दीर फर्निचरच्या दुकानात विक्री बघायचे. कुठलीही गोष्ट गळ्यात मारण्यात त्यांचा हातखंडा होता. "स्वतःचं घर चाकांवर! वाटेल तिथे थांबायचं, वाटेल तिथे झोपायचं. हॉटेलची झंझट नाही." धाकटीची मुलगी परीक्षेचं निमित्त सांगून शहाण्यासारखी सुटली. धाकटीला सुटता आलं नाही, कारण नवऱ्याने आधीच होकार देऊन ठेवला होता. तो मोठ्या भावाला कशालाच नाही म्हणत नसे.

गाडी भाड्याने देणाऱ्या माणसाने अंगणात सगळं समजावून सांगितलं. हा गॅस, ही पाण्याची टाकी, हा पलंग असा उघडतो. शेवटी त्याने बाहेरच्या बाजूचं एक झाकण उघडलं आणि आतून एक चपटा डबा ओढून काढला. त्याला प्रवासी बॅगेसारखी चाकं होती आणि दांडाही होता. "संडासाचा डबा. एक दिवसाआड रिकामा करायचा. मुक्कामाच्या तळांवर त्यासाठी वेगळी जागा असते. दुसरीकडे कुठेही ओतायचा नाही."

दीर गाडीचा बाजूचा आरसा पुसू लागले. जाऊबाईंना अचानक फोन आला. जावेची दोन्ही मुलं आतल्या पलंगांवर उड्या मारत होती. नवरा धाकटीकडे बघून ओशाळं हसला.

"धाकटी करेल की," दीर आरशात बघूनच म्हणाले. "तिला सवय आहे."

सगळं आपोआप ठरलं. पहिल्या मुक्कामावर ती तो डबा खडखडत ओढत घेऊन गेली. आत सगळं हिंदकळत होतं. झाकण फिरवल्यावर जो भपकारा आला त्याने डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पेपरमिंट घरी राहिलं होतं. परत आली तेव्हा सगळे झाडाखाली खुर्च्या टाकून बसले होते. "हात धुतलेस ना नीट?" जाऊबाईंनी विचारलं आणि अंडी फेटायचं भांडं तिच्याच हातात दिलं.

चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ती गाडी म्हणजे चाकांवरचा उकिरडा झाली होती. मोरीच्या जाळीत केसांचा बोळा, त्यात अडकलेले नूडल्स. गाद्यांच्या फटीत बिस्किटांचा चुरा आणि त्यावर मुंग्यांची रांग. ओले टॉवेल कुणी वाळत घालत नव्हतं. ते बाकाखाली कोंबलेले असत, आणि त्यांचा आंबूस वास उशांना लागला होता. धाकट्या पुतण्याने दुधाची पिशवी कुठेतरी सांडली होती ती सापडत नव्हती, पण उन्हात गाडी तापली की ती आहे हे कळायचं. दीर सकाळी मोरीतच दात घासून थुंकत, पाणी वाचवायचं म्हणून ओतत नसत, आणि तिथेच मग चहाचे कप विसळले जायचे. धाकटी मागून पुसत होती. पुसून होतंय तोवर कुणीतरी कलिंगडाची साल सीटवर ठेवत होतं.

तरी हे सगळं तिने सोसलं असतं. सासूबाईंचं पोट बिघडलं आणि गोष्ट बदलली.

दुपारची वेळ होती, गाडी भर रस्त्यात. म्हातारीला बाकावरून उठून संडासाच्या दारापर्यंत जायला चार पावलं पुरली असती, पण गाडी वळणावर होती आणि ती पावलं पडली नाहीत. ती खाली बसली आणि तिने चेहरा हातांनी झाकून घेतला.

"ईऽऽ! आजी!" मुलं ओरडली. दिरांनी करकचून ब्रेक लावला. बघता बघता गाडी रिकामी झाली. धाकटीने खिडकीतून पाहिलं, तर दोन्ही भाऊ नाकाला रुमाल लावून रस्त्याच्या कडेला उभे होते. जाऊबाई मुलांना घेऊन लांब सावलीत गेल्या होत्या.

"आता रात्री यातच झोपायचं का रे?" दीर म्हणत होते. "मी म्हणतच होतो, आईला आणायला नको. डायपर तरी घालायचं ना तिला."

खिडकी उघडी होती. म्हातारीला ऐकू येत होतं. तिचे दोन्ही मुलगे बाहेर उभे होते आणि एकालाही आत यावंसं वाटलं नाही. धाकटीचा नवरा भावाच्या बोलण्यावर मान हलवत होता. धाकटीला त्या क्षणी पहिल्यांदा शिसारी आली ती त्या हलणाऱ्या मानेची.

तिने सासूबाईंना जमेल तेवढं पुसलं, चादरीत गुंडाळलं. रस्त्याला थोडं पुढे एक फळवाली बसली होती. सकाळपासून दिसलेली ही एकच सावली, आणि जाऊबाई तिथेच गेल्या होत्या. मागे तिचं घर, बाग आणि बागेतून खाली येणारा एक ओढा. ओढ्याचं पाणी तिने दगडी कुंडात घेतलं होतं आणि त्यात ती फळं धूत होती. पीच, आलुबुखार, काकड्या. जाऊबाई आणि मुलांनी तिथेच उभं राहून ओल्या हाताने टोपलीभर फळं खाल्ली.

फळवालीने म्हातारीकडे एकदा पाहिलं. "माझ्या न्हाणीत घेऊन या. गरम पाणी आहे."

धाकटीने सासूबाईंना तिथे नीट आंघोळ घातली. फळवालीने स्वतःचा धुतलेला गाऊन आणून दिला. म्हातारी सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून बसली होती. केस पुसून झाल्यावर धाकटी मळके कपडे घेऊन बाहेर आली, आणि तिला डब्याच्या चाकांचा खडखडाट ऐकू आला.

घराच्या वरच्या अंगाला, ओढा जिथे झाडांतून खाली येतो तिथे, दोघे भाऊ उभे होते. नवऱ्याने दांडा धरला होता. दिरांनी डबा काठावर तिरका केला होता आणि तोंड लांब फिरवून ते ओतत होते.

संडासातल्या औषधाने निळसर झालेला तपकिरी लोंढा, त्यात कागदाचे बोळे, हळूहळू दगडांना वळसा घालत खाली येत होता.

"काय करताय तुम्ही!"

"अगं, भरला होता," नवरा म्हणाला. "तू आत होतीस."

"मुक्कामाचा तळ अर्ध्या तासावर आहे. तुम्हीच सकाळी नकाशात दाखवलात, भाऊजी."

"अर्धा तास त्या वासात?" दिरांनी डबा झटकला. "आणि कोण बघतंय इथे?"

"ती खाली फळं धुते त्या पाण्यात. तुमच्या पोरांनी आत्ता तीच खाल्ली."

"आधी खाल्ली ना," दीर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

नवऱ्याने तिच्याकडे न बघता म्हटलं, "वाहतं पाणी आहे गं. जाईल वाहून."

धाकटीने आयुष्यात काय काय पाहिलं होतं. हातात धरलं होतं. पण त्या वाक्याने तिला खरोखरच उलटी झाली, तिथेच, झाडाच्या बुंध्याशी. तोंड पुसून ती वळली आणि पळत खाली गेली.

"कुंड बंद करा! पाणी आत घेऊ नका!"

फळवालीला आधी कळेना. मग वास आला. तिने पाणी अडवायची फळी खाली पाडली, पण उशीर झाला होता. कुंडाच्या तोंडाशी कागदाचा एक तुकडा गोल फिरत होता. तिने त्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"माझी न्हाणी दिली मी तुम्हाला."

"हो."

"तुम्ही त्यांच्यातल्याच ना?"

धाकटीने मान खाली घातली. ती खराटा मागायला लागली, कुंड घासून देते म्हणाली. फळवालीने खराटा दिला नाही. तिने पाण्यात ठेवलेल्या फळांच्या टोपल्या एकेक करून बागेतल्या कचऱ्याच्या खड्ड्यात उलट्या केल्या. पीच गडगडत गेले. "तुम्ही जा," ती म्हणाली. "हात लावू नका कशाला."

रस्त्यावरून दीर हॉर्न वाजवत होते. एकदा, दोनदा, मग दाबूनच धरला.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या, परक्या बाईच्या गाऊनमध्ये. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "मला त्या गाडीत बसायचं नाही," त्या म्हणाल्या.

नवरा समजूत घालायला आला, तेव्हा धाकटीने दोन पिशव्या बाहेर काढल्या होत्या. "तमाशा करू नकोस. दादा चिडलाय," तो कुजबुजला.

"चिडू देत. तुला यायचंय आमच्याबरोबर?"

त्याने रस्त्याकडे पाहिलं. "मग गाडी कोण चालवणार आलटून पालटून?" तो म्हणाला. तेवढं पुरे होतं.

दोघी फाट्यापर्यंत चालत गेल्या. म्हातारी दर थोड्या वेळाने दगडावर टेकत होती. बसथांब्याच्या बाकावर त्या बराच वेळ बसून होत्या. सासूबाई आजवर धाकटीशी कधी गोड बोलल्या नव्हत्या. आताही त्यांनी समोरच बघत विचारलं, "माझी किळस नाही आली तुला?"

"आली, आई."

"मग?"

"मग काय. पुसलं."

म्हातारीने मान डोलावली. "बस केव्हाची आहे, विचार जरा त्या माणसाला," ती म्हणाली.

बाकीचे समुद्रापर्यंत जाऊन आले. पाण्यात पाय सोडून बसलेल्या सगळ्यांचा फोटो जाऊबाईंनी पाठवला. सासूबाई आजवर मोठ्या मुलाकडे राहत होत्या, पण त्या तिकडे परत गेल्याच नाहीत. धाकटीच्याच घरी राहिल्या, सूपमध्ये मीठ कमी म्हणून रोज कुरकुरत.

नवरा घरी आला तेव्हा उन्हाने रापला होता आणि काहीच न झाल्यासारखा बोलत होता. त्याची कपड्यांची बॅग त्याने नेहमीसारखी न्हाणीच्या दारात ठेवली. ती तिथेच राहिली. धाकटी तिला वळसा घालून जा-ये करत राहिली. शेवटी वास फारच सुटला तेव्हा त्याने स्वतःच कपडे बादलीत टाकले, साबण जास्त ओतला, आणि फेस लादीवर सांडत राहिला.

"किती दिवस चालणार आहे हे?" त्याने ओल्या हातांनी विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. ती रोज त्याला जेवायला वाढत होती, त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. पण तो जवळ बसला की तिला तोंडाने श्वास घ्यावा लागत होता. धोबीखान्यात कामाची पाळी संपली की घाणीचा वास नळाखाली जायचा. हा जात नव्हता.

"वाहतं पाणीच होतं ना," तो पुटपुटला.

धाकटी सासूबाईंच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.