एकेकाची ओळ

मार्थाबाई पारध्यांच्या घरचा नियम कडक होता. नाताळच्या सकाळी चर्चमधून आल्यावर ख्रिस्तजन्माचा अध्याय वाचल्याशिवाय करंजीला हात लावायचा नाही. सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकेकानं एकेक ओळ वाचायची. ख्रिस्ताच्या आईवडिलांना धर्मशाळेत जागा न मिळाल्याची ओळ त्यांच्या यजमानांची, योहानरावांची. पोलोग्राउंडच्या कारखान्यातला हा फिटर ती ओळ वाचून दोन खोल्यांत दाटीवाटीनं बसलेल्या अकरा माणसांकडे बघायचा आणि खो खो हसायचा.

योहानरावांना जाऊन चार वर्षं झाली. यंदा नाताळला बंगलोरहून मुलाचा नुसता व्हिडिओ कॉल आला.

"आई, मुलं गिफ्ट खोलताहेत. वाचन बाद में करू ना."

"आज वाढदिवस कोणाचा आहे रे? त्या सांताक्लॉजचा?" बाई कडाडल्या आणि त्यांनी फोनच बंद केला.

मग चष्मा लावून त्या एकट्याच वाचायला बसल्या. प्रत्येक ओळीनंतर सवयीनं थांबत होत्या, पुढच्या माणसाची वाट बघत. योहानरावांची ओळ आली आणि त्यांनी पुस्तकावरून नजर उचलून समोर बघितलं.

दोन खोल्यांत आज जागाच जागा होती.