शनिवारची चादर

रुग्णालयाच्या धुलाईघरात मी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. तिथे इस्त्रीच्या टेबलावर एक बाई होती. सगळे तिला इस्त्रीताई म्हणत. दिवसाला दोनशे चादरी, आणि प्रत्येकीचा कोपऱ्याला कोपरा जुळलेला. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची मला खोड. तिच्या घडीत खोट कधी सापडली नाही.

शनिवारी अर्धा दिवस काम. धुतलेल्या चादरींची शेवटची गाडी वर वॉर्डात गेली की ताई त्याच टेबलावर एक पांढरी चादर अंथरायची. तिच्यावर सगळ्यांचे डबे उघडायचे. जेवणाआधी प्रत्येकाने आठवड्यातली एक गोष्ट सांगून देवाचे आभार मानायचे, मग गाणं. जेवण झालं की ती चादर स्वतः धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत ठेवायची. सुट्टीचा तासभर त्यातच जायचा.

"देवासाठी रविवार आहे की," मी म्हणायचो.

"रविवारी तुम्ही चर्चमध्ये दाराशी बसता, भाऊ. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. आनंद करायलाही मेहनत लागते. करून तर बघा."

मी प्रेशर बघायचं निमित्त करून बॉयलरमागे डबा खायचो. अकरा वर्षं.

मग तिचा नवरा, गोदामात हमाली करणारा, पेटीखाली सापडला. आणला आमच्याच रुग्णालयात. शुक्रवारी त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून काढला. ताई गुरुवारपासून वर वॉर्डातच होती.

शनिवारी टॉवेलांच्या घड्या घालणारी बाई म्हणाली, "आज कोणत्या तोंडाने गायचं?" सगळे डबे उचलायला लागले.

मला ते पटलं नाही. अकरा वर्षं एकही शनिवार न चुकवता केलेलं काम असं मधेच सोडायचं? आज खंड पडला तर ती पुन्हा चादर अंथरेल, याची मला खात्री नव्हती. मी कपाटातून चादर काढली आणि इस्त्री तापवली. जिन्यावर ताईच्या चपला वाजल्या. मी मान वर केली, आणि इस्त्री होती तिथेच बसली. चादरीच्या मधोमध तपकिरी त्रिकोण.

ताई आत आली. डोळे सुजलेले. डागाकडे बघत राहिली.

"भाऊ, इस्त्री केलीत की सूड उगवलात?"

कुणी हसेना. मग तीच हसली. हसता हसता रडली, पदराने तोंड पुसलं. "अंथरा. गरम आहे तोवर बरी दिसेल."

मी पहिल्यांदा माझा डबा त्या टेबलावर उघडला. माझी पाळी आली. "बॉयलर फुटला नाही," मी म्हणालो. सगळ्यांनी जोरात आमेन म्हटलं.

मग ताईची पाळी. तिने चादरीवरच्या डागावरून हात फिरवला. उठून गेली असती तरी कुणी बोल लावला नसता.

"डावा पाय शाबूत आहे," ती म्हणाली. "उजव्याचं देवाशी मी नंतर भांडेन. आज डाव्याचे आभार."

तिने गाणं धरलं. दुसऱ्या ओळीला आवाज गेला. तिसरी ओळ मी उचलली.

गाणं संपल्यावर घड्या घालणारी माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला कुठून येतं हो?"

"बॉयलरमागची भिंत पातळ आहे."

डाग पडलेली चादर वॉर्डात चालत नाही. धुलाईघराच्या साहेबांनी ती रद्द केली, आणि ती कायमची शनिवारची झाली. तीन महिन्यांनी ताईचा नवरा कुबड्यांवर आला आणि बरोबर डागासमोर बसला. म्हणाला, "ही जागा माझी."

चादर धुणं आणि इस्त्री करणं माझ्याकडे आलं. जाळली मी होती, तेव्हा रास्तच होतं. पहिल्या शनिवारी ताईने माझी घडी चार वेळा मोडायला लावली. पाचव्यांदा कोपरा जुळला, तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या.