चंद्रकलाचे तीन तास

चंद्रकला माझ्या मागच्या खोलीत भाड्यानं राहते. शहापूरहून जीपनं तासाभरावर एक आश्रमशाळा आहे, तिथं ती तासिकेवर इतिहास शिकवते. दर जूनला नव्यानं नेमणूक. बाई वाचणारी. तिकडं कडक माणसाला कौतुकानं ‘हिटलर’ म्हणतात. मुलं हेडमास्तरांनाही म्हणायची, आणि ते खूश व्हायचे. हे तिला सहन होईना.

गेल्या वर्षी डिसेंबरात तिनं नववीचे सलग तीन तास घेतले. घरातून उचललेले ज्यू, गुरांच्या डब्यांतून नेलेली म्हातारी-पोरं, भादरलेली डोकी, हातावर गोंदलेले आकडे, गॅसच्या खोल्या, साठ लाख जीव. मऊ करून काही सांगितलं नाही. बरं केलं.

मागच्या रांगेतली जिवली म्हणाली, “बाई, आमचेपन केस काडतात. ताटावं लंबर हाय. आमाला पन मारनार काय?”

वर्ग हसला. उवा झाल्या की सगळ्या मुलींची डोकी सरसकट भादरायची, ही तिथली पद्धत. चंद्रकलानं समजावलं, उवांसाठी केस काढणं वेगळं आणि माणसं संपवायला काढणं वेगळं.

“मंग काडताना इचारीत का नाय?”



दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी चंद्रकलाला बोलावलं. “शाळेला छळछावणी म्हणता? वर कळलं तर? कोण बोललं ते लिहून द्या. नाहीतर जूनमध्ये घरी बसा.”

संध्याकाळी माझ्याकडे आली. “काकू, काय करू?”

“नाव देऊ नकोस. मीच बोलले म्हण.”

“तुम्हाला पेन्शन आहे. बोलायला काय जातं?”

खरंच होतं ते. सकाळी तिनं लिहून दिलं: जिवली, इयत्ता नववी.

प्रार्थनेला जिवलीला पुढं बोलावलं, सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. मग उवा नसताना तिचं एकटीचं डोकं पुन्हा भादरलं. चंद्रकला तिथंच रांगेत उभी होती. हे तिनंच सांगितलं मला, मान खाली न घालता. चार दिवसांनी बाप लडकू येऊन पोरीला घेऊन गेला. दहावीला ती आलीच नाही. वीटभट्टीवर असते म्हणे.

चंद्रकलाची नेमणूक झाली. यंदाही तिनं ते तीन तास घेतले.

“मुलींनी काही विचारलं?” मी म्हटलं.

“नाही हो. या वेळी छान झाले तास. मधे कोणी बोललंच नाही.”