सात महिने उरलेला खासदार

लंडनच्या हॅरो भागात माझं किराणा मालाचं दुकान आहे, स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. घाऊकवाल्याशी भांडताना माझी पहिली नजर पाकिटावरच्या तारखेवर जाते. महिनाभरच उरलेली चकली कोणी नव्या मालाच्या भावात गळ्यात मारू पाहिली, तर मी ती त्याच्याच व्हॅनमध्ये परत चढवतो. आणि मला, मला एका माणसाने सात महिने उरलेलं पद सहा वर्षांचं म्हणून विकलं. राग अजून गेलेला नाही.

तो दिल्लीच्या वरच्या सभागृहाचा खासदार, इकडे दौऱ्यावर आलेला. आमच्या मराठी मंडळाने त्याचा सत्कार ठरवला. चार दिवस त्याला गाडीतून फिरवायला कोणी तयार होईना. डॉक्टर मंडळींना हॉस्पिटलच्या ड्यूट्या. मी पुढे झालो, पण फुकट नाही. कोकणात माझ्या आईच्या घरापुढे ओढा आहे आणि दवाखाना पलीकडे. ओढ्याला पाणी असलं की दोघांनी धरल्याशिवाय तिला पलीकडे जाता येत नाही. ती चौऱ्याऐंशीची आहे. तिथे मला साकव हवा होता, माणूस चालून जाईल एवढा लहान पूल. असली कामं खासदाराच्या निधीतून होतात.

त्याची भाची केंब्रिजला शिकत होती, तिला भेटायला नेलं. तिथे नदीवर जागोजागी पूल. मी एकाकडे बोट दाखवलं. "साहेब, एवढा नको. याच्या निम्मा द्या."

"झाला समजा. गेल्या गेल्या कलेक्टरला पत्र देतो."

"आणि मध्येच सरकार पडलं तर?"

तो हसला. "अहो, ती भीती खालच्या सभागृहाला. आमचं कधी विसर्जित होत नाही. आमच्याकडे मुदत सहा वर्षांची."

यातला शब्दन्‌शब्द खरा होता, तेच तर जास्त झोंबतं. त्याची स्वतःची किती उरली, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. लंडनच्या वरच्या सभागृहात बहुतेक जण एकदा बसले की जन्मभर बसतात; इतकी वर्षं तेच बघून मी गाफील राहिलो असेन.

पुढे मी फोन करत राहिलो. दर वेळी एकच उत्तर, "साहेब दिल्लीत आहेत." मग एक दिवस त्याचा सहायक म्हणाला, "साहेब आता सदस्य नाहीत." मी असा ओरडलो की काउंटरपुढची बाई दचकली.

माझी मुलगी इथेच जन्मलेली, ब्रॅकनेलला नोकरी करते. तिने शोधून काढलं. "बाबा, तिथे दर दोन वर्षांनी वन-थर्ड लोक रिटायर होतात, म्हणून हाऊस कधी रिकामा होत नाही. ह्याच्या आधीचा मेंबर मध्येच वारला. हा बाय-इलेक्शनने आला. असं आला तर फक्त उरलेला टर्म मिळतो, नवीन नाही. तू भेटला तेव्हा सेव्हन मंथ्स राहिले होते."

"मग त्याला सांगता येत नव्हतं?"

"तू चकलीचा डेट बघतो, त्याचा का नाही बघितला?"

ते सात महिने त्याने पुन्हा उमेदवारी मिळवण्यात घालवले. पत्र गेलंच नाही.

त्याच्या जागी नवा आला. त्याच्या कार्यालयात फोन लावला आणि आधी तेच विचारलं, "तुमचे साहेब कधीपर्यंत आहेत?"

"पूर्ण टर्म आहे हो. सहा वर्षं."

"मग आमचा साकव?"

"होईल ना. एवढी घाई काय? आत्ताच तर शपथ झाली."

एकाला सवड नव्हती, दुसऱ्याला घाई नाही. या दोघांच्या मध्ये काम कधी होतं, ते मला कोणीतरी दाखवावं.

आईला मात्र मी हेच उत्साहाने सांगितलं. "नवा माणूस पक्का आहे गं. सहा वर्षं हलत नाही."

"त्याला दिली रे सहा वर्षं," ती म्हणाली. "मला कोणी दिली?"

दुसऱ्या दिवशी मुलीला रजा घ्यायला लावून दुकान तिच्यावर सोपवलं आणि पुन्हा त्या कार्यालयाला फोन लावला. "नोंद घेतो," सहायक म्हणाला. मी म्हटलं, नोंद नको. आत्ता पत्र टाइप करा, कलेक्टरकडे पाठवा, आणि जावक क्रमांक सांगेपर्यंत मी फोन ठेवत नाही. त्याने दोनदा कट केला, मी तिसऱ्यांदा लावला. तासाभराने त्याने वैतागून क्रमांक सांगितला. तो मी लिहून घेतला, आणि शेजारी त्या साहेबाची मुदत संपायची तारीख.